बाटलीत राहिलेलं दूध

माझ्या नातीनं बाटलीचं दूध सोडलं त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा. डॉक्टरचा, सुनेचा, पोराचा, आणि सगळ्यांत जास्त बायकोचा. बायको तेव्हा जिवंत नव्हती. म्हणून तर राग.

ती गेली आणि मागनं काही महिन्यांनी नात झाली. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्या बाईनं न्हाऊ घातलं असेल. कुणाचं पोर रडलं की ही हातातलं काम टाकून पळायची. आणि स्वतःची नात यायच्या वेळेला निघून गेली. सकाळी फोटोला हार घालताना मी म्हणायचो, "झालीस मोकळी? आता ह्ये कुणी बघायचं?" फोटो काय बोलतोय!

घरात आम्ही चौघं. मी, पोरगा, सून आणि नात. पोरगा फौंड्रीत पाळीवर जातो. सून पतसंस्थेत काउंटरला बसते. बाळंतपणानंतर तिला ताप आला, बरेच दिवस औषधं चालली आणि अंगावरचं दूध आटलं. डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं. सुनेची आई राधानगरीकडची. घरात दुभती जनावरं, भाताची शेती. आली तरी दुसऱ्या दिवशी तिचा जीव गोठ्याकडं. तिला मी दोष देत नाही, मला जनावराचं कळतं. सुनेची रजा संपली आणि दिवसाच्या बाटल्या माझ्या गळ्यात आल्या.

मी काही पोरं सांभाळणारा माणूस नव्हे. माझं पोरगं चालायला लागल्यावरच मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं असेल. पण मला वाटलं, दूधच पाजायचंय ना? जन्मभर मी दुसरं काय केलं?

मी दूध कट्ट्यावरचा माणूस. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी पेठेत आणून रस्त्याकडंला उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्या देखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. तापवायचं नाही, साखर घालायची नाही. तालमीतली पोरं यायची, दुकानं बंद करून व्यापारी यायचे, परगावचे पावणे यायचे. मी धार काढायचो, बायको बाजूला पाटावर बसून ग्लास विसळायची.

माझा एक कायदा होता. ग्लासात दूध ठेवायचं नाही. परगावच्या माणसाला कोमट कच्चं दूध एकदम जात नाही, निम्म्यात अडकतो. मग मी म्हशीखालनंच ओरडायचो, "ओ पावणं, संपवा की! म्हशीनं काय निम्मं दिलंय व्हय?" चारचौघं हसायची. पावणा लाजून, डोळे मिटून संपवायचा. बायकोला हे पटायचं नाही. माझी पाठ वळली की ती एखाद्याच्या हातातनं निम्मा ग्लास गुपचूप काढून घ्यायची आणि म्हशीच्या आंबोणाच्या, म्हणजे भिजवलेल्या पेंड-भुशाच्या बादलीत ओतायची. सापडली की मी बोंबलायचो. ती म्हणायची, "प्वाट त्येचं हाय, तुमचं न्हाय." मी म्हणायचो, तुला धंद्यातलं कळत नाही.

तर असा मी नातीला बाटली पाजायला बसलो.

पहिले काही दिवस झ्याक गेले. बाटलीवर रेघा असतात. डॉक्टरांनी कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते सांगितलेलं. पोरगी प्यायची, शेवटचं बोटभर राहिलं की तोंड फिरवायची. मला ते बोटभर दूध बघवायचं नाही. मी म्हणायचो, "एवढंसं ऱ्हायलंय की गं, घे." गालाला बोट लावून तोंड इकडं वळवायचो, बाटलीचं रबरी बूच तोंडात द्यायचो. प्यायची बिचारी. मग मी सुनेला फोन लावायचो, "बाटली धुतल्यागत रिकामी केली बग." सून तिकडं काउंटरवर खूश, मी इकडं खूश.

मग ती आधीच तोंड फिरवायला लागली. निम्म्यात. मग सुरुवातीलाच. जिकडं तोंड तिकडं मी बाटली नेली. हात मारायला लागली तेव्हा हात दुपट्यात गुंडाळले. म्हशीला औषध पाजताना मान वर धरतात, जबड्याच्या कडेनं नळी सरकवतात, गिळल्याशिवाय सोडत नाहीत. माझ्या हाताला तीच सवय. बाळाच्या बाबतीत मी तसं करत होतो असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढला असता.

आणि मग पोरीनं रान उठवलं. बाटली ओठाला लागली की पाठीची कमान करून मागं पडायची. तोंड लाल, मुठी आवळलेल्या, आवाज असा की रस्त्यावरची माणसं खिडकीकडं बघायची. ठसका लागायचा, दूध मानेच्या वळ्यांत जायचं. अन् बाटली बाजूला ठेवली की गप्प. हसायला पण तयार. ह्याचा मला अतोनात संताप यायचा. भूक आहे, दूध आहे, तोंड आहे, मग अडलं कुठं?

एका रविवारी तर आमच्या घरात तमाशाच उभा राहिला. पोरगा चाव्यांचा जुडगा वाजवतोय, सून मोबाइलवर गाणं लावून पोरीच्या नाकासमोर धरतीय, मी बाटली घेऊन बसलोय. शेजारची चाची मीठ-मिरच्या घेऊन आली. चाची म्हणजे आमच्या बायकोची जन्माची मैत्रीण, नवरा शिलाईकाम करतो.

"नजर लागल्या पोरीला. आदी नजर काढू द्या, मग पाजा," चाची म्हणाली.

"आबा, बूच बदलू या काय?" पोरगा.

"तीन बुचं बदलली की रं! आता काय बुचाचं दुकान टाकू?"

"मामा, ओरडू नका हो, ती दचकते," सून. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात.

"मी कुटं वरडतोय?" मी ओरडलो.

पोरगी किंचाळली, दूध माझ्या सदऱ्यावर, मिरच्यांचा धूर घरभर, आम्ही सगळे खोकतोय. चाची जाताना दारात थांबली, फोटोकडं बघून म्हणाली, "ही असती तर सगळ्यांस्नी आदी भाईर काढलं असतं." मला त्या वेळी चाचीचासुद्धा राग आला. असती तर, असती तर. नाही ना ती!

डॉक्टरांकडं गेलो. काट्यावर ठेवलं. वजन मागच्या वेळेएवढंच, कणभर पुढं नाही. डॉक्टरांनी तोंड बघितलं, कान बघितले, पोट दाबून बघितलं, तपासण्या केल्या. मग सुनेला म्हणाले, इथंच पाजून दाखवा. सुनेनं पिशवीतनं बाटली नुसती बाहेर काढली आणि पोरीनं टाहो फोडला.

"हिला दुखत काही नाही," डॉक्टर म्हणाले. "हिला बाटलीची भीती बसलीय. घरात जबरदस्ती होते का?"

सून माझ्याकडं बघायला लागली. मी पंख्याकडं बघितलं.

डॉक्टरांनी सांगितलं, तोंड फिरवलं की बाटली बाजूला. मागं लागायचं नाही. उरलं तर उरू दे. सुरुवातीला कमी पिईल, लक्ष ठेवा. लघवी कमी झाली किंवा मलूल पडली तर लगेच घेऊन या. आणि पुढच्या खेपेला वजन घटलं तर काही दिवस नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल.

बायकोच्या नाकात शेवटी नळी होती. ती मी बघितलीय. पण तोंडातनं बाहेर आलं ते वेगळंच. मी म्हणालो, "म्हंजे आता तिला इचारून पाजायचं व्हय?"

"होय आजोबा. विचारूनच."

रिक्षात सून पोरीला दोन्ही हातांनी धरून बसली. मध्येच म्हणाली, "मामा, मी नसताना तुम्ही कोंबता न्हवं?"

"कोंबतो म्हंजे? पाजतो."

"तेच ते."

"तेच कसं? उपाशी ठेवू व्हय तिला?"

रिक्षावाला आरशातनं बघत होता. त्याला म्हणालो, "फुडं बघ, फुडं."

खरं सांगायचं तर मी डॉक्टरचं ऐकलं नाही. सून कामावर गेली की मी मनात म्हणायचो, आज कमी प्यायली तर वजन घटणार, घटलं तर नळी. मग थोडंतरी आत जाऊ दे. जाऊ दे म्हणता म्हणता परत तेच. दुपटं, मान, गाल. संध्याकाळी सून विचारायची, किती प्यायली? मी खरी रेघ सांगायचो. कशी प्यायली ते सांगायचो नाही.

मला पाजताना खांद्यावर एक पिवळा टॉवेल टाकायची सवय. सांडलं-लवंडलं पुसायला. एका संध्याकाळी सून कामावरनं आलेली, पोरगी गोधडीवर पडून पाय तोंडात घालायचा खेळ करत होती. माझ्याकडं बघून खुदुखुदू हसत होती. मी पाय धुऊन आलो आणि पुसायला खुंटीवरचा तोच टॉवेल घेतला, सवयीनं खांद्यावर टाकला. हातात बाटली नाही, काही नाही. पोरीनं टॉवेल बघितला. हसू तिथंच थांबलं. ओठ बाहेर आला, थरथरला, आणि ती मान फिरवून रडायला लागली. माझ्यापासनं तोंड फिरवून.

एवढी जनावरं माझ्या हाताखालनं गेली. मारकी गेली, लाथा घालणारी गेली. एकपण म्हैस मला बघून अंग चोरून उभी राहिली नाही. आणि माझं रक्ताचं पोर माझा टॉवेल बघून रडतंय.

सुनेनं सगळं बघितलं. तिनं पोरीला उचललं, उगी उगी केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, उद्यापासनं मी बिनपगारी रजा टाकते. बाटली मी बघते."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

पाय आपोआप कट्ट्यावर गेले. म्हशी विकून आता वर्षं झाली, पण जागा तीच. माझ्या जागी एक तरणा गडी धार काढतो. बायको बसायची तिथं आता नळ आणि प्लास्टिकचा टब आहे. ग्लास ज्यानं त्यानं बुडवून ठेवायचा.

"या आबा, बसा. ग्लास घेतासा?"

"नगं."

परगावची एक मंडळी आलेली. नवरा, बायको, बायकोच्या हातात मोबाइल. नवरा ग्लास घेऊन म्हशीशेजारी उभा, बायको फिल्म काढतीय. पहिला घोट घेताना ऐटीत. दुसऱ्याला जरा थांबला. निम्म्यात त्यानं ग्लास खाली घेतला. आणि कुणाच्याही आधी मीच ओरडलो, "ओ पावणं, संपवा की!"

जन्माची सवय, तोंडातनं गेलं. मग काय, सगळेच सुरू झाले. गडी म्हणतोय, "ठेवायचं न्हाय हितं!" तालमीतली दोन पोरं टाळ्या वाजवतायत. बायको म्हणतीय, "अहो प्या ना, सगळे बघतायत." त्या माणसानं डोळे मिटले. मान ताणली. एक हात असा पुढं झाला, ग्लास लोटायला. गड्यानं हसत हसत तो हात धरून ग्लास परत ओठाला लावला. पावण्यानं एक घोट घेतला आणि म्हशीच्या पायाशी सगळं बाहेर काढलं.

हसून हसून लोकांची पोटं दुखली. मी हसलो नाही. तो हात मी बघितला होता. तसाच इवलासा हात मी रोज दुपट्यात गुंडाळत होतो.

पावणा तोंड पुसत उभा होता, गोरामोरा. मी नळावर पाणी भरून त्याला दिलं. तो म्हणाला, "काका, मला पहिल्या घोटालाच कळलं होतं, जाणार नाही म्हणून."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"बोललो की. कोण ऐकतंय?"

मला त्याच्या कानाखाली द्यावी वाटली. का ते माहीत नाही. माझ्याच द्यायला पाहिजे होती.

घरी आलो. सुनेचे काही मी पाय धरले नाहीत, आमच्यात तसली पद्धत नाही. पिवळा टॉवेल खुंटीवरनं काढला आणि फरशी पुसायला मोरीत टाकला. म्हणालो, "रजा टाकतीस तर टाक. पण मला शिकीव. नंतर मलाच करायचं हाय."

तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "तोंड फिरवलं की?"

"बाटली बाजूला."

"आणि उरलं की?"

मी चपला सरळ करायला लागलो. तिनं परत विचारलं, "मामा, उरलं की?"

"उरू दे," मी म्हणालो. दाढ काढल्यागत शब्द निघाला.

वाटलं होतं, आता सुधारलोय तर पोरगी लगेच प्यायला लागेल. कुठलं काय! पहिले काही दिवस ती आणखीनच कमी प्यायली. आम्ही पलंगावर पाजायचं सोडून पायरीवर बसायला लागलो. बाटली शेजारी ठेवायची, पोरीला रस्त्यावरची कुत्री, कोंबड्या दाखवायच्या. वाटलं तर बाटली पुढं करायची. तिनं तोंड उघडलं तर ठीक. दोन घोट घ्यायची आणि फिरवायची. मी बाटली खाली ठेवायचो आणि माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो. खोटं सांगत नाही. हातांचा भरवसा नव्हता.

रेघांनी मला येडं केलं. डोळा तिकडंच. शेवटी मी माझा एक मोजा बाटलीवर चढवला.

"ई! मामा, मोजा?" सून ओरडली.

"धुतलेला हाय."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी पाजायचं न्हाई. रेगा दिसत न्हाईत, बास."

ती किती दिवसांनी हसली. दुसऱ्या दिवशी चाचीनं कापडाच्या तुकड्याचं झक्क खोळ शिवून दिली आणि माझा मोजा तोंडावर फेकून मारला. म्हणाली, "लाज हाय का? लेकराचं दूध मोज्यात!"

लंगोट मात्र आम्ही डोळ्यांत तेल घालून बघत होतो. ओला झाला की सून आणि मी दोघं असे खूश व्हायचो की बघणाऱ्याला वाटावं लॉटरी लागली. पण वजनाचा दिवस जवळ आला तसा घरातला वारा बदलला. आदल्या दिवशी दुपारी पोरीनं थोडं घेतलं आणि तोंड फिरवलं. सुनेनं बाटली बाजूला केली, परत नेली. पोरीनं परत फिरवलं. सून परत मागं.

"घे ना गं. एवढंच घे. उद्या नळी घालतील गं बाळा, घे." सुनेच्या डोळ्यांतनं पाणी चाललेलं, बूच पोरीच्या ओठावर घासत होतं, आणि पोरीची पाठ ताठ व्हायला लागलेली.

मी सुनेचं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेचा हात धरायची आमच्याकडं रीत नाही. पण धरला.

"ऱ्हाऊ दे."

"मामा, उद्या वजन आहे!"

"ऱ्हाऊ दे म्हणतो न्हवं. प्वाट तिचं हाय, आपलं न्हाय."

बोलून गेलो. सुनेनं बाटली खाली ठेवली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आत्याबाईंसारखं बोललासा."

मी उठून आत गेलो. फोटोसमोर उभा राहिलो. हार वाळला होता, तेवढा काढला.

बाहेर आलो तर सून पायरीवर, पोरगी तिच्या मांडीत आडवी, आणि बाटली पोरीच्या तोंडात. सुनेनं बोट ओठावर ठेवून मला गप्प राहायची खूण केली. हळू म्हणाली, "मी काही केलं नाही. तिनंच हात लावला बाटलीला." मी दाराआडच उभा राहिलो. घुटुक घुटुक आवाज येत होता. जन्मभर दुधाच्या धारेचा आवाज ऐकला, पण पिण्याचा आवाज असा कान देऊन कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वजनाचा काटा मागं आला नाही. वाढला म्हणण्याएवढा वाढलाही नाही, जरासा पुढं सरकला. डॉक्टर म्हणाले, नळी नको, असंच चालू द्या. एवढ्यावर पोरग्यानं फौंड्रीत पेढे वाटले. मला ते आवडलं नाही. पण तो बाप आहे.

सून परत कामावर जायला लागली. आता दिवसाची बाटली परत मी पाजतो. कधी बरी पिते, कधी नाटकं करते, कधी नुसतं बूच चावत बसते आणि माझ्याकडं बघून हसते. खोळ काढून बघितलं की तळाला दूध असतंच. कधी बोटभर, कधी जास्त. डॉक्टरांनी सांगितलंय, परत पाजायचं नाही, ओतून टाकायचं. आता आमच्याकडं म्हैस नाही, आंबोणाची बादली नाही. मोरीत ओततो. ओतताना दर वेळेला राग येतो. चांगलं दूध मोरीत जाताना बघून मला राग येणारच, तो काही जायचा नाही. बाटली विसळून पालथी घालतो आणि पोरीला घेऊन पायरीवर बसतो.